आधी पीडब्ल्यूडी

कॉम्प्युटर क्लासमध्ये सगळ्यांचं लॉगिन एकच होतं आणि फाइलचं नावही एकच, 'पाढे'. फोल्डर तेवढे वेगळे. म्हणून सर रोज बजावायचे, "काहीही पुसण्याआधी पीडब्ल्यूडी ही कमांड टाइप करा. आपण कोणाच्या फोल्डरमध्ये आहोत ते कळतं."

धाकट्या जावेचं कौतुक ऐकून घरी माझे कान किटले होतेच, आता दोघी एकाच क्लासला, तर इथेही तेच. तिचा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी एकही चूक न दाखवता कंपाइल झाला. माझा चार दिवस सतराव्या ओळीवर अडून बसलेला. सर तिला म्हणाले, "हात बसलाय तुमचा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सरांना प्रोग्रॅम दाखवायच्या दिवशी ती पाणी प्यायला उठली आणि स्क्रीन तशीच उघडी राहिली. मी तिच्या खुर्चीत बसले आणि 'पाढे' पुसून टाकले. आमच्या मशीनवरचं युनिक्स "नक्की ना?" असंसुद्धा विचारत नाही, आणि गेलेलं परत देत नाही.

ती रुमालाला हात पुसत आली. "ताई, तुमचा सतराव्या ओळीत एक सेमीकोलन राहिला होता. उठण्याआधी तुमच्या फोल्डरमध्ये शिरून लावलाय, माझी स्क्रीन अजून तिथेच आहे. बघा तरी चालवून."