अकरा डॉलरचा पुरावा

सत्य एकदा फळ्यावर मांडलं की त्यापुढे कुणाचंच काही चालत नाही, अशी आयदे बाईंची एकतीस वर्षं श्रद्धा होती. पण तेव्हा खडू त्यांच्या हातात होता आणि वर्गाच्या दाराला आतून कडी होती. आज, शनिवारी सकाळी अकरा वाजता, विया तोस्का गावाच्या क्लबात त्या उभ्या राहिल्या तेव्हा हातात नुसता मोबाइल होता आणि दार सताड उघडं होतं.

"हा माणूस भामटा आहे," त्या म्हणाल्या.

भामटा समोरच्या भिंतीशी उभा होता. डॉक्टर इग्नासिओ पास. वकील, म्हणून इथल्या रीतीनं डॉक्टर. रोज दोन टक्के मिळतात म्हणून गावानं ज्या क्रिप्टोच्या अ‍ॅपमध्ये डॉलर ओतले आणि ज्या अ‍ॅपनं एप्रिलातल्या एका रविवारी तोंड मिटलं, त्यातले पैसे यानं म्हणे शोधून काढले होते. पुरावा भिंतीवर झळकत होता: हिरवी खूण, चौसष्ट अक्षरांचा व्यवहार क्रमांक, आणि एक लाख चाळीस हजार डॉलर. पैसे निघाले आहेत, फक्त शेवटच्या फाटकाशी अडलेत. फाटक उघडायचे माणशी दोनशे. रोख. आजच.

बाईंच्या घरात अ‍ॅपच्या तावडीतून सुटलेले सहाशे डॉलर उरले होते, नवऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे. ते तरी या खोलीपासून वाचवायचे, एवढ्यासाठी त्या उभ्या होत्या. जोडीला गाव वाचलं तर बरंच.

"क्रिप्टोच्या व्यवहारांची वही सगळ्या जगाला उघडी असते," त्या म्हणाल्या. "मी हा क्रमांक तिथे टाकून पाहिला. क्रमांक खरा आहे. व्यवहार मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला आहे. रक्कम अकरा डॉलर. कुणीतरी कुणाला तरी अकरा डॉलर पाठवले. ना त्यात आपलं गाव, ना हे डॉक्टर. कुणाला बघायचंय?"

त्यांनी मोबाइल उंच धरला. कुणालाच बघायचं नव्हतं.

डॉक्टर हात बांधून, मान किंचित तिरकी करून ऐकत राहिला. बाईंचं डोकं त्यानंच जास्त फिरलं. कॉपी करताना सापडलेलं पोर निदान खाली तरी बघतं.

तितो खाटीक उठला. "बाई, एक विचारू? दोन हजार एकला देशभर बँकांनी खाती गोठवली, तेव्हा माझ्या बापाच्या हातातली पावती खरी होती का खोटी?"

"खरी."

"शिक्का?"

"खरा. तितो, मुद्द्यावर ये."

"मुद्द्यावरच आहे. मॅनेजरची सहीसुद्धा खरी. आणि बापाला काय मिळालं? घंटा! तेव्हा तुमचं ते खरंखुरं तुमच्यापाशीच ठेवा."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, डिसेंबरात नापास केलंत, मार्चात परत बसवून परत नापास केलंत, आता जुलैतही करता का?"

"करते!" बाईंचा आवाज फाटला. "जुलैत, ऑगस्टात, मरेपर्यंत करते! एकदा लुबाडले गेलात तर मी म्हटलं, होतं माणसाचं. आता चोराला घरी बोलावून चहा पाजताय! तितो, अरे गाढवा, दोनशे डॉलरला तुला मिळणार काय?"

"तीन आठवडे," तितो म्हणाला.

"कसले?"

"पैसे यायला तीन आठवडे लागतात म्हणालेत ना डॉक्टर. म्हणजे तीन आठवडे बायकोला सांगावं लागत नाही." त्यानं मान खाली घातली. "तिच्या आईचं घर विकून आलेले होते."

 हातोहात फिरत असलेला, 'माते' नावाच्या कडू चहाचा पेला मिर्ता पार्लरवालीपाशी येऊन थांबला होता. तिनं तो रागानं बाकावर आपटला.

"बाई, बसा हो आता खाली! तुमचं काय जातंय? तुम्ही तर पहिल्यापासून शहाण्या."

"मी पोलिसांना बोलावते."

हवालदार दुसऱ्याच रांगेत होता. त्यानं मांडीवरचं पैशांचं पाकीट उलटं करून ठेवलं आणि छताकडे पाहिलं.

पैसे भरायला डॉक्टरच्या टेबलापाशी रांग लागली. बाई तिला कापत शेवटच्या बाकापर्यंत गेल्या. तिथे त्यांचा नवरा ओस्मार टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"ऊठ. घरी चल."

"थांब जरा. शिक्का मारायचा राहिलाय."

"कसला शिक्का?"

ओस्मारनं खिशातून पावतीचा घडी केलेला कागद काढला.

"कधी दिलेस?"

"आठ वाजता. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. डॉक्टर आधीच क्लबात आले होते."

"काल तुला क्रमांक दाखवला ना मी? अकरा डॉलर. तू हो म्हणालास."

"हो, म्हणालो." तो टोपीची कड चाचपत राहिला. "तुझं बरोबरच होतं. एप्रिलपासून रोज तुझं बरोबर आहे, आयदे. नाश्त्याला बरोबर, जेवताना बरोबर, दिवा मालवतानाही बरोबर. म्हटलं, एकदा चुकू दे हिचं. त्याचे दिले."

बाईंनी कागद हिसकावून घेतला. दोनशेचा आकडा खोडून वर एकशे ऐंशी लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात कारण होतं: निवृत्त शिक्षकांच्या कुटुंबास दहा टक्के सूट.