तळाचं भोक

"जोर देऊ नका, नाना. ड्रिलला आपलं आपण उतरू द्या," टोकावर थेंबथेंब पाणी सोडत मुक्ताने वडिलांना बजावलं.

टॉवेलवर पालथं घातलेलं निळं चिनी मातीचं भांडं बारीक किणकिणलं आणि नानांच्या कपाळावर घाम फुटला. आजोबांच्या काळातल्या त्या झिलईला एक तडा गेला की संपलं. भोक नीट पडलं तरी यापुढे कुणी संग्राहक त्याच्याकडे ढुंकून बघणार नव्हता.

कुमुद बहिणीकडे गेली होती. बायको परत आल्यावर तिला चकित करावं म्हणून नानांनी तिचं लाडकं आफ्रिकन व्हायोलेटचं रोप थेट या भांड्यात लावलं होतं. पाण्याला वाट नव्हती, ते तळाशी साचलं आणि मुळं कुजू लागली. मुक्ताने रोप काढलं, कुजकं छाटलं आणि तूर्त चहाच्या कपात ठेवलं.

"प्लॅस्टिकच्या कुंडीत लावू की. भांडं कशाला बिघडवता?"

"लग्नापासून ती हे मागतेय आणि मी कपाटाला कुलूप लावतोय. आता कुठे दिलंय, ते परत कसं घेऊ?"

ड्रिल एकदम सैल झालं. भांडं शाबूत होतं. नानांनी श्वास सोडला, तर दारात कुमुद उभी.

तिने कपातलं रोप पाहिलं, नानांचे पांढऱ्या राडीने माखलेले हात पाहिले. मग भांडं उचलून भोकात करंगळी घातली.

"स्वतः पाडलंत?"

नानांनी मान डोलावली.

"मग आता हे कपाटात परत जात नाही," ती म्हणाली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता भांडं खिडकीत ठेवून आली.