याच्याहून मोठा

"सात इंची लहान पोरांना, कार्टून बघायला. आठ इंची म्हाताऱ्या माणसांना, हातात धरायला हलका. आणि अभ्यासाला दहाच्या खाली जायचंच नाही." कशेळ्याच्या बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात उभ्या उभ्या जागृतीने हे सगळं एका दमात सांगून टाकलं. दुकानदार झाकीरभाई हातातलं फडकं खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "असं कर, दुकान तूच सांभाळ. मी स्टँडवर जाऊन जीप भरतो."

जागृती खुशीत हसली. गेला आठवडाभर मधल्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटरपुढे बसून तिने हेच तर वाचलं होतं. कुणाला केवढा टॅब लागतो, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. फक्त तिची आई आवडी कशातच बसत नव्हती. ती लहान नव्हती, म्हातारी नव्हती, आणि अभ्यासाचं तर नावच नको. आवडीला टॅब हवा होता तो हात बघायला.

जागृतीची धाकटी बहीण संध्या जन्मापासून ऐकत नव्हती, बोलत नव्हती. जूनमध्ये तिला पुण्याला कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं, तिथेच वसतिगृहात. तोवर वाडीवर मायलेकींचं सगळं हातांनीच चालायचं. ते हात कुणी शिकवलेले नव्हते, दोघींनी चुलीपुढे बसून आपले आपणच बनवलेले. हनुवटीखाली दोन बोटं म्हणजे शेळी. खांद्यावर मूठ म्हणजे बाप, कारण तो कुऱ्हाड तशी धरायचा. आणि डाव्या भुवईवर अंगठा टेकवला की खुद्द संध्या. लहानपणी उंबऱ्यावर आपटून तिथे तिला खोक पडली होती, तिचा व्रण अजून होता.

दर रविवारी शाळेतल्या बाई व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. पण जागृतीच्या फोनवर आवडीला लेकीचं काही म्हणजे काही कळायचं नाही. हात लई बारीक दिसतात, ती म्हणायची, मोठी काच पाहिजे. म्हणून आज, मुद्दाम रविवारीच, दोघी जीपने खाली उतरल्या होत्या. घ्यायचा तो बघूनच घ्यायचा.

झाकीरभाईंनी दुकानाचं वायफाय दिलं. आठ इंची टॅब पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, आणि कॉल लागला.

संध्या आली. दोन वेण्या, लाल रिबिनी. आल्या आल्या तिचे हात सुरू झाले.

आवडी पुढे वाकली, डोळे बारीक केले. मोठा दाखवा म्हणाली.

जागृतीने दहा इंचीवर कॉल पुन्हा लावला. संध्या हसली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. आवडी बघत राहिली. मग झाकीरभाईंकडे वळून म्हणाली, याच्याहून मोठा.

सगळ्यात मोठा कपाटात आतल्या बाजूला होता, तेरा इंची. कळंबच्या कुणा रिसॉर्टवाल्याने मागवला होता आणि नेलाच नव्हता. झाकीरभाईंनी त्याच्यावरचं प्लास्टिक फाडलं आणि जागृतीने कॉल त्याच्यावर लावला. आता संध्या ठळक दिसत होती, चपलांपासून रिबिनींपर्यंत. चित्र कुठे अडकत नव्हतं, तुटत नव्हतं.

"आये, तिच्या मनगटातला काळा दोरा दिसतो?" जागृतीने विचारलं.

"दिसतो की. मी मारलेली गाठ पण दिसते."

"मग हात?"

आवडीने मान हलवली. "हात नाय कळत गं. अजून बारीकच हायेत."

जागृतीने पाहिलं. हात बारीक नव्हते. बोट न् बोट सुटं दिसत होतं. तळहात तळहातावर घासत होते, मुठी उघडत होत्या, मिटत होत्या, आणि हे सगळं इतक्या वेगाने आणि इतक्या मजेत, की वाडीवर संध्याचे हात असे कधी चाललेच नव्हते. त्यात शेळी नव्हती. बाप नव्हता. चुलीपुढचं एकही बोट नव्हतं, सगळं शाळेतलं होतं.

आये, दिसतायत गं हात, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

आवडीने डाव्या भुवईवर अंगठा टेकवला. संध्या थांबली. तिनेही अंगठा भुवईला लावला, पटकन, तान्ह्या बाळाशी बोलावं तसा, आणि पुन्हा आपलं सुरू केलं. तेवढ्यात मागून एक मुलगी धावत आली. तिने संध्याचा खांदा थोपटला आणि स्वतःच्या गालावर एक बोट टेकवून गोल फिरवलं. नावाने हाक मारल्यावर माणूस वळतं तशी संध्या वळली. हसली. तिच्या गालाला खळी पडते, हे जागृतीला आज कळलं.

जेवणाची वेळ झाली, असं बाईंनी सांगितलं आणि कॉल बंद केला. आवडीचा अंगठा अजून भुवईवरच होता.

झाकीरभाईंनी तिन्ही टॅब ओळीने मांडले. त्यांची थट्टा कधीच थांबली होती. "मग, यातला कुठला देऊ?" त्यांनी हळू आवाजात जागृतीलाच विचारलं.

जागृतीचं बोट तिच्या स्वतःच्या गालावर होतं, आणि ते तिथे कधी गेलं हे तिला समजलं नव्हतं.

आवडीचं त्या तिन्ही टॅबकडे लक्षच नव्हतं. ती वर बघत होती. समोरच्या भिंतीवर दाराएवढा टीव्ही लावलेला होता, आणि त्यात माणसाएवढे मासे पोहत होते.

"जागे," ती म्हणाली, "त्याच्यात लावून बघ ना गं."