पाणी वळलं

नदीकाठच्या नव्या सोसायटीचे अध्यक्ष गच्चीतून खाली पाहत होते. त्यांनी भांडून बांधून घेतलेल्या भिंतीला पुराचं पाणी धडका देत होतं. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण भिंत तसूभरही हलली नाही. पाणी वळलं आणि त्याने समोरच्या काठाकडे मुसंडी मारली.

"अध्यक्षसाहेब, भिंत नव्हे, देवच उभा केलात!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात फोन आला. समोरच्या काठावर राहणारी त्यांची धाकटी बहीण बोलत होती. "दादा, आमच्याकडे कधीच पाणी येत नाही रे! आज एकाएकी घरात घुसलंय!"

अध्यक्ष फोनवर ओरडले, "पोरांना घे आणि आधी वरच्या मजल्यावर जा!"

"दादा, आमच्या घराला वरचा मजला कुठाय?"