कपाच्या कानावरचा खळगा

फिरायला आलेल्या नणंद-भावजय मातीच्या भांड्यांच्या दुकानात शिरल्या. भावजयीने एक कप उचलला. कानावरच्या खळग्यात तिचा अंगठा असा बसला, जणू माप देऊनच घडवला होता. तिच्या अंगठ्यावरची सुरीने कापल्याची तिरकी खूणसुद्धा खळग्यात उमटली होती.

"वन्सं, हे बघा ना."

नणंदेने फळीवरचे आणखी चार कप तिच्या हातात दिले. सगळ्यांवर तीच खूण.

"हे कोण घडवतं हो?" भावजयीने कुंभारणीला विचारलं. "आम्ही या गावात पहिल्यांदाच आलोय."

कुंभारीण गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "असं काय करता ताई? आत्ताच तर चाकावरून हात धुवायला म्हणून उठलात."

भावजयीने हात उलटे केले. नखांत माती होती, अजून ओली.