काकूंचा गुडघा

फिजिओथेरपी शिकवणाऱ्या खेळाच्या पडद्यावर त्यातल्या पेशंट अनसूयाकाकूंनी गुडघा वाकवला आणि पायाला बांधलेल्या पट्ट्यातून ती कळ शर्वाणीच्या गुडघ्यात आली. "थांबा!" ती ओरडली. वेदना थांबवल्याबद्दल खेळाने तिला दहा गुण दिले.

"अगं, गुडघा माझा आणि ओरडतेस तू!" काकू वैतागल्या. "ऑपरेशनला महिना झाला, रोज इथंच थांबवतेस. मला जिना उतरून अंगणात जायचंय!"

फिजिओथेरपीच्या वर्गात गुणांमध्ये शर्वाणी पहिली होती आणि तिची पेशंट अजून माडीवरच होती. चिडून तिने पट्टा काढून फेकला. सगळे गुण गेले. आता काकूंचं दुखणं तिला कळेना, म्हणून तिने पहिल्यांदाच विचारलं, "काकू, किती दुखतंय?"

"दुखतंय खूप, पण सोसवतंय. मी गुडघा वाकवून धरते, तू नुसती दहापर्यंत मोज."

शर्वाणी मोजू लागली. आठाला काकू कळवळल्या. तिने डोळे मिटले आणि नऊ म्हटलं.