बोटाच्या टोकावर

"पुन्हा पडली," आजी म्हणाल्या आणि टेबलावर वाकून लेन्स शोधू लागल्या.

दवाखान्याच्या त्या खोलीत ओळीने आरसे मांडले होते. लेन्स घालायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे लेन्सताई म्हणत. त्यांचा नियम कडक होता. स्वतःच्या डोळ्यात, स्वतःच्या हाताने लेन्स घालून आणि काढून दाखवल्याशिवाय कुणालाच लेन्स घरी न्यायला मिळत नसे.

"आज नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात या," लेन्सताई म्हणाल्या.

"पुढचा आठवडा नको. डॉक्टर म्हणालेत, जितका उशीर तितकं नुकसान."

शेजारच्या खुर्चीवरची वेणीवाली कॉलेजकन्यका खुदकन हसली. तिचाही डोळा चोळून लालभडक झाला होता. "या वयात कसली एवढी घाई, आजी?"

"घाई या वयातच असते गं."

"चष्मा शोभतो की तुम्हाला! मग लेन्स कशाला?"

"एकाला माझं तोंड दाखवायचंय," आजी शांतपणे म्हणाल्या. "त्याने अजून मला धड पाहिलेलं नाही."

वेणीवालीने आ वासला. "अय्या! दिसायला कसे आहेत?"

"टक्कल आहे. पण हसला की जीव ओवाळून टाकावासा वाटतो."

लेन्सताईंनी तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

सून पहिल्या दिवशी सोबत आत आली होती. बोट डोळ्याजवळ जाताना पाहूनच तिने हात टेकले. "आई, मला नाही बघवत," म्हणाली आणि डोळे पुसत उठली. तेव्हापासून ती बाहेरच्या बाकावरच बसे.

आजींनी पुन्हा साबणाने हात धुतले, कोरडे केले. नखं त्यांनी कधीच कापून टाकली होती, अंगठीही घरी काढून ठेवली होती. लेन्स सोल्युशनने धुऊन त्यांनी बोटाच्या टोकावर घेतली आणि उजेडात धरली. वाटीसारखी उभी, म्हणजे सुलटी. काठ बाहेर वळले असते, तर उलटी.

एका हाताने वरची पापणी उचलली, दुसऱ्याने खालची ओढली. बोट जवळ आलं. डोळा मिटू मिटू म्हणत होता. आजींनी श्वास सोडला.

लेन्स बसली.

"बसली!" वेणीवालीच ओरडली. "आता कसं दिसतंय?"

"होतं तसंच. धुरकट."

"सरावाची आहे ती, बिननंबरी," लेन्सताई घाईने म्हणाल्या. "काढा आता."

आजींनी चिमटीत धरून अलगद काढली. दुसऱ्या डोळ्यात घातली, काढली. पुन्हा एकदा, न थांबता. मग खुर्ची वळवून वेणीवालीसमोर बसल्या.

"आता तू. बोटाकडे बघू नकोस, माझ्या कपाळावरच्या आठ्या मोज. श्वास सोड. हं, आता!"

"बसली! आजी, बसली!" ती आनंदाने नाचायचीच बाकी होती. "तुमच्या टकल्या हिरोला सांगा, नशीबवान आहे!"

"तूच सांग. इथेच आलाय तो."

लेन्सताईंनी कपाटातून नवी डबी काढली. "आजी, पास! आता खरी परीक्षा. हात तसाच हलका ठेवायचा." त्यांनी दार उघडून सुनेला हाक मारली.

सून आत आली आणि जन्मजात मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यांतली भिंगं काढलेलं आपलं चार महिन्यांचं बाळ तिने टेबलावरच्या गादीवर निजवलं. आजी वाकल्या. एक लेन्स बसली, मग दुसरी. बाळाने डोळे मिचकावले, रडणं अर्ध्यावर सोडलं आणि जन्मात पहिल्यांदा आजीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.